मागच्या चाकांचे मडफ्लॅप : कोणते घ्यावेत, कसे बसवावेत, आणि मुळात घ्यावेत का?

दुसरा_गिअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चार महिन्यांपूर्वी आमच्या घरी क्रॉसओव्हर (एसयूव्हीसारखी उंच गाडी) आली. पुढच्या चाकांमागे कंपनीने लहान का होईना, मडफ्लॅप दिलेले आहेत. मागे मात्र चाकाची कमान जिथे संपते तिथे बंपरची कडा येते आणि त्यानंतर मोकळी हवा. पहिल्या पावसात याचे काही वाटले नाही, दुसऱ्यात वाटू लागले. डिकी उघडायला हात घातला की बोटांना राखाडी चिखल लागतो, मागच्या कॅमेऱ्यात धुके दिसते, आणि परवा धाकटा भाऊ आपली गाडी घेऊन माझ्या मागून आला तेव्हा उतरल्याबरोबर म्हणाला, "दादा, पुढच्या वेळी मी तुझ्या पुढे राहतो, तू वायपर लावून मागून ये."

तेव्हा मागचे फ्लॅप बसवायचे असे जवळजवळ ठरले आहे. पण साच्यात घडवलेले, त्या त्या मॉडेलसाठीचे घ्यावेत की कोणत्याही गाडीला चालणारी सपाट पट्टी कापून लावावी, हे ठरत नाही. शिवाय एका दुकानात "दोन भोके पाडावी लागतील" असे सांगितले आणि दुसऱ्यात "एकही पाडावे लागणार नाही" असे सांगितले. दोघेही एकाच गाडीबद्दल बोलत होते. ज्यांनी स्वतः हात काळे केले आहेत त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

निवांत

गाडीच्या कंपनीचेच अधिकृत फ्लॅप घ्या, त्यांच्याच माणसाकडून बसवून घ्या आणि चहा प्या. धागा संपला.

खडखड

निवांत यांच्याशी तत्त्वतः सहमत आहे, पण धागा इतक्यात संपवू नये. मी सपाट रबराची पट्टी लावून पाहिलेली आहे, त्यामुळे ती चूक दुसऱ्या कोणी करू नये म्हणून लिहितो. पट्टी साधारण तीन मिलिमीटर जाडीची होती आणि मी ती वरच्या बाजूला फक्त दोन स्क्रूंवर टांगली होती. शहराच्या वेगात ती अगदी शहाण्यासारखी वागत असे. मोठ्या रस्त्यावर वेग वाढला की वाऱ्याने मागे उचलली जाई आणि बंपरच्या खालच्या कडेवर फडफडत राही. मागे बसलेली मुले तो आवाज वाजत गेलेल्या ढोलाइतक्या आनंदाने ऐकत असत, मी मात्र टायर फुटला की काय म्हणून दोनदा बाजूला थांबलो. शिवाय जी पट्टी ऐन वेगात आडवी होते, ती नेमक्या गरजेच्या वेळी काहीच अडवत नाही.

साच्यातल्या फ्लॅपला कमानीच्या वळणाप्रमाणे बाक दिलेला असतो आणि तो बाकच त्याला ताठ ठेवतो. जाडी तेवढीच असूनही तो फडफडत नाही, याचे कारण एवढेच आहे. सपाट पट्टीच लावायची असेल तर जाडी वाढवा, टेकू वाढवा, आणि आतल्या बाजूने बंपरच्या खालच्या पट्टीला एक तिसरा बिंदू मिळतो का ते पाहा.

धुलाई

माझे मत थोडे कडू आहे. मी मॉडेलनुसार घडवलेले, चांगल्या प्रतीचे मागचे फ्लॅप लावले, आणि डिकीच्या दारावरची घाण होती तशीच राहिली. काच तशीच, कॅमेरा तसाच, नंबरप्लेट तशीच. गाडी स्वच्छ राहावी म्हणून फ्लॅप लावणाऱ्यांनी पैसे वाचवावेत आणि एक चांगला ब्रश घ्यावा.

त्रिज्या

धुलाई यांचे निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे टायरवरून सुटणारे थेंब आणि खडे. ते चाकाच्या परिघाला स्पर्शरेषेच्या दिशेने सुटतात. २१५/६० आर १७ हा क्रॉसओव्हरला शोभणारा टायर धरला तर त्याची त्रिज्या साधारण ३४.५ सेंटिमीटर येते, आणि ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाताना असे चाक सेकंदाला नऊहून थोडे अधिक फेरे घेते. फ्लॅप आसाच्या मध्यापासून ४० सेंटिमीटर मागे आहे, म्हणजे टायरच्या मागच्या कडेपासून पाचसाडेपाच सेंटिमीटरवर आहे, असे समजू. जमिनीला टेकलेल्या बिंदूपासून २० अंश वर चढल्यावर सुटलेला थेंब फ्लॅपच्या जागी पोहोचेपर्यंत जमिनीपासून सुमारे १२ सेंटिमीटर उंच जातो. ३० अंशांवर सुटलेला सुमारे १८ सेंटिमीटर. म्हणजे फ्लॅपची खालची कडा जमिनीपासून १८ सेंटिमीटरवर ठेवली, तर ३० अंशांनंतर सुटणारे सारे काही अडते आणि त्याआधीचे खालून निसटते. निसटते ते सपाट कोनात जाते, त्यामुळे ते मागच्या गाडीच्या काचेपेक्षा तिच्या बंपरवर पडण्याची शक्यता अधिक असते. भावाची काच वाचवायची असेल तर फ्लॅपचा उपयोग नक्की आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे डिकीच्या दारावर बसणारा बारीक चिखल. क्रॉसओव्हरची पाठ जवळजवळ उभी कापलेली असते. गाडी पुढे सरकते तेव्हा त्या पाठीमागे कमी दाबाची पोकळी तयार होते, आजूबाजूची आणि गाडीखालची हवा भोवरा करून तिच्यात वळते, आणि हवेत आधीच तरंगत असलेला तुषार पाठीवर आणून चिकटवते. हा तुषार चारही चाकांचा असतो, शेजारच्या गाड्यांचाही असतो. अशा गाड्यांना मागचा वायपर देतात तो याचसाठी. फ्लॅपने तुषाराचे मोठे थेंब कमी होतील, पण पोकळी काही भरून निघणार नाही.

थोडक्यात सांगायचे तर बंपरचे कोपरे, बंपरची खालची बाजू आणि मागून येणारा माणूस यांच्यासाठी फ्लॅप लावावा. डिकीसाठी लावू नये.

निवांत

हे वाचल्यावर चहा गार झाला. तरीही माझे उत्तर तेच आहे.

मोजपट्टी

त्रिज्या यांच्या हिशेबाला माझ्याकडे एक घरगुती पुरावा आहे. माझ्या गाडीचे फ्लॅप आले तेव्हा उजव्या बाजूच्या पाकिटात एक क्लिप कमी होती. ती येईपर्यंत मी फक्त डावा फ्लॅप लावून नऊ दिवस गाडी चालवली, आणि सुरुवातीला गाडी धुऊन घेतली होती. नवव्या दिवशी डिकीच्या दारावर डावे-उजवे ओळखू येईल असा कोणताही फरक नव्हता. बोटाने रेघ ओढून पाहिली, दोन्हीकडे सारखीच उमटली. बंपरच्या कोपऱ्यांवर मात्र फरक इतका स्पष्ट होता की बायकोने आपणहून विचारले, "एकच बाजू का धुतलीस?" उजव्या कोपऱ्यावर चाकापासून मागे जाणारे चिखलाचे पट्टे आणि डांबराचे काळे ठिपके होते, डाव्यावर नुसती धूळ. खडीच्या रस्त्यावरून बरेच जाणाऱ्यांच्या बाबतीत हाच फरक रंगाच्या टवक्यांमध्ये दिसेल.

शब्दवेडा

मडफ्लॅपला मराठी प्रतिशब्द सुचवावा काय? "चिखलझडप" कसा वाटतो?

खडखड

शब्दवेडा, झडप म्हटले की ती उघडझाप करणार, आणि तीच तर माझी तक्रार होती.

उलटसुलट

निवड करताना एक प्रश्न कोणी विचारत नाही, तो मी विचारतो. तुम्ही गाडी मागे घेऊन कुठे लावता? मागचा फ्लॅप पुढे जाताना तुटत नाही, तो गाडी मागे घेताना तुटतो. टायर मागे फिरत असतो, मागे फूटपाथची कड किंवा चढाची सुरुवात येते, फ्लॅपचे खालचे टोक कड आणि टायर यांच्यामध्ये सापडते आणि चाक त्याला खाली ओढून घेते. माझ्या बाबतीत फ्लॅप कडक प्लॅस्टिकचा होता. "टक्" असा एक छोटासा आवाज आला. मला वाटले, बाटली चिरडली. उतरून पाहिले तर फ्लॅप जमिनीवर होता आणि त्याच्या स्क्रूबरोबर लायनरचा, म्हणजे कमानीच्या आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराचा, तळहाताएवढा तुकडाही निघून आला होता. फ्लॅप नवा आणता येतो. लायनरसाठी पुन्हा वेगळी खटपट करावी लागली.

त्यानंतर मी दोन नियम पाळतो. फ्लॅप हाताने दुमडला तर दुमडून पुन्हा सरळ झाला पाहिजे, आणि त्याची खालची कडा माझ्या नेहमीच्या पार्किंगच्या कडेपेक्षा उंच असली पाहिजे. त्रिज्या यांच्या गणितात १८ वरून १२ सेंटिमीटरवर आल्याने दहा अंशांचा फायदा होतो खरा, पण त्या सहा सेंटिमीटरांची किंमत मी लायनरच्या रूपाने मोजली आहे.

त्रिज्या

उलटसुलट यांचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. माझे आकडे रिकाम्या गाडीचे आहेत, हेही सांगायला हवे होते. मागे तीन माणसे आणि सामान बसले की मागची बाजू काही सेंटिमीटर खाली बसते आणि फ्लॅपही तेवढाच खाली येतो. मोजमाप भरलेल्या गाडीचे घ्यावे.

खडखड

साहित्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण दुकानात सगळ्यालाच "रबर" म्हणतात. एबीएस हे कडक, चकचकीत प्लॅस्टिक दिसायला सुंदर असते आणि रंगवताही येते, पण आघात झाला की तडकते. पीव्हीसी उष्णतेत लोळागोळा आणि थंडीत ताठ होतो. टीपीई म्हणजे रबरासारखे लवचीक प्लॅस्टिक. ते साच्यात नीट घडते आणि आकारही धरून ठेवते. खरे रबर जड असते, पण मार खाते. पॉलियुरेथेनच्या पट्ट्या दुमडून सोडल्या की पुन्हा मूळ आकारावर येतात, म्हणून रॅलीच्या गाड्यांना तसल्या लवचीक पट्ट्या लोंबताना दिसतात. तिथे चिखलापेक्षा उडणाऱ्या दगडांचा बंदोबस्त महत्त्वाचा असतो. कुटुंबाच्या गाडीला साच्यातला टीपीईचा फ्लॅप पुरेसा आहे, असे माझे मत झाले आहे. लाल रंगाचा घेतल्याने वेग वाढत नाही, हेही अनुभवाने सांगतो.

हिमवर्षा

आमच्याकडे हिवाळ्यात रस्ते बर्फाने भरलेले असतात, म्हणून एक भर घालते. फ्लॅप टायरच्या फार जवळ असेल तर ओला बर्फ त्या फटीत ठासून भरतो आणि रात्रीतून दगड होतो. सकाळी गाडी मागे घेतली की तो गोळा फ्लॅपला उखडतो. मी निघण्यापूर्वी बुटाच्या टाचेने बर्फ पाडते, पण त्यासाठी फ्लॅप वाकणारा असावा लागतो. कडक थंडीत लाथ मारण्यापूर्वी तो कशाचा बनला आहे ते आठवावे, कारण कडक प्लॅस्टिक त्या लाथेनेच जाईल. थंडीत नायलॉनच्या क्लिपासुद्धा काढताना तुटतात. हे काम उबदार दिवशी करावे.

पाना_नंबर_दहा

आता बसवण्याबद्दल लिहितो. धागाकर्त्यांना दोन दुकानांत दोन उत्तरे मिळाली आणि बहुधा दोन्ही खरी असतील. कमानीचे प्लॅस्टिक लायनर आणि बंपरची कडा यांना जोडणारे स्क्रू तिथे आधीपासून असतात. साच्यातले चांगले फ्लॅप तीच भोके वापरतात आणि सोबत थोडे लांब स्क्रू देतात. सपाट पट्टीला किंवा सर्वसाधारण फ्लॅपला ती भोके जुळत नाहीत, म्हणून नवी पाडावी लागतात. तेव्हा विकत घेण्यापूर्वी कमानीत हात घालून, टॉर्च मारून तुमच्या गाडीला तिथे किती स्क्रू आहेत ते मोजा आणि फ्लॅपच्या भोकांशी ताडून पाहा.

पुढच्या चाकाला स्टिअरिंग वळवून जागा करता येते, मागच्याला ती सोय नाही. मागे टायर आणि लायनर यांच्यात जेमतेम मूठ जाते, त्यामुळे बुटका स्क्रूड्रायव्हर किंवा काटकोनातला लहान रॅचेट लागतो. पुष्कळ गाड्यांत टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीसारखे) २० किंवा २५ आकाराचे बिट लागते. चौफुलीच्या स्क्रूड्रायव्हरने जबरदस्ती केली की स्क्रूचे डोके गोल होते आणि मग संध्याकाळ जाते. मी चाक काढूनच काम करतो. त्यात वीस मिनिटे जास्त जातात, पण मान शाबूत राहते.

चाक काढणार असाल तर एक गोष्ट विसरू नका. पुष्कळ गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, आणि तुम्ही मागचेच चाक उचलणार असता. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावा, गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा, जमीन सपाट निवडा, आणि गाडी उचलल्यावर तिचा भार जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्या. चाकाचे नट उचलण्यापूर्वी अर्धा फेरा सैल करावेत आणि शेवटी पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळाच्या जोराला, आवळावेत. "पायाने दाबून घट्ट" हे माप नव्हे.

मग कमान धुऊन, पुसून, वाळवून घ्या. जुने स्क्रू काढून फ्लॅप जागेवर धरा आणि सगळे स्क्रू आधी चिमटीने दोनतीन आटे फिरवून ठेवा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा शोधायला गेलात तर भोक अर्ध्या मिलिमीटरने चुकलेले असते. सगळे लागल्यावर फ्लॅप सरळ करून, टप्प्याटप्प्याने, हातानेच आवळावेत. पॉवर ड्रिलने आवळल्यास पलीकडची प्लॅस्टिकची बाही किंवा पत्र्याची यू-क्लिप फिरते आणि तिला पकडायला तिथे बोट जात नाही. फ्लॅप पाकिटात घडी पडून आला असेल तर तो बसवण्यापूर्वी गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवून सरळ करा.

शेवटची गोष्ट. गाडी उचललेली असताना चाक खाली लोंबते, त्यामुळे टायर आणि फ्लॅपमधली फट फसवी दिसते. गाडी खाली ठेवून, शक्य असल्यास मागे दोन माणसे बसवून, पुन्हा फट पाहा. मागचे चाक अगदी सरळ रेषेत वरखाली होत नाही, ते बहुतेक गाड्यांत किंचित वळणातून फिरते.

दुसरा_गिअर

पाना_नंबर_दहा, हा प्रतिसाद छापून गॅरेजात लावतो. आत्ताच जाऊन टॉर्च मारली. प्रत्येक बाजूला दोन स्क्रू आणि एक क्लिप आहे. साच्यातल्या फ्लॅपला तीन भोके असतात आणि तिसरे बंपरच्या खालच्या कडेवर येते, जिथे माझ्या गाडीला काहीच नाही. तिथे भोक पाडावे का?

पाना_नंबर_दहा

फक्त प्लॅस्टिकमध्ये जात असेल तर पाडायला हरकत नाही. पत्र्यात जात असेल तर मी टाळतो, आणि पाडावेच लागले तर भोकाच्या कडेला गंजरोधक प्रायमर, त्यावर रंग, आणि मग मेण लावूनच स्क्रू घालतो. गाडीला पत्रा गंजण्याची हमी असेल तर तिच्या अटी ड्रिल हातात घेण्यापूर्वी वाचाव्यात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुमच्या ड्रिलपलीकडे काय आहे ते पाहणे. ज्या बाजूला इंधनाचे झाकण आहे त्या बाजूच्या लायनरमागून इंधन भरण्याची नळी आणि तिची हवेची नळी टाकीकडे उतरू शकते. त्याच भागात एबीएसच्या (वर आलेले प्लॅस्टिक नव्हे, चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) सेन्सरची आणि बंपरमधल्या पार्किंग सेन्सरची वायर, शिवाय ब्रेकचा होजही असू शकतो. लायनर थोडे सोडवून मागे डोकावल्याशिवाय आंधळे भोक पाडू नका. ड्रिलच्या टोकापासून आठ-दहा मिलिमीटरवर टेपचे चार वेढे द्या, म्हणजे ते त्यापुढे घुसणार नाही, आणि स्क्रूही तेवढाच आखूड वापरा.

उलटसुलट

एका बसवणाऱ्याने माझ्या आधीच्या गाडीला लांबलचक स्क्रू मारून दिले होते. ते टायरच्या बाजूला बोटभर बाहेर आले होते. टायर बदलताना मिस्त्रीने दाखवले तेव्हा टायरच्या खांद्यावर सुतासारखी एक रेघ पडलेली होती. बसवून घेतले तरी खाली वाकून पाहावे, एवढेच सांगतो.

ओली_कमान

मला वेगळ्या धोक्याबद्दल लिहायचे आहे. फ्लॅप आणि रंगवलेला पत्रा जिथे टेकतात तिथे चिखल शिरतो, वाळतो, आणि मग फ्लॅपच्या प्रत्येक थरथरीबरोबर पॉलिश पेपरसारखे काम करतो. मी दोन वर्षांनी फ्लॅप काढला तेव्हा त्याच्या मागे नखाच्या आकाराची एक चंद्रकोर होती. बाहेरून आत रंग, मग राखाडी प्रायमर, आणि मध्यभागी तांबूस ठिपका. फ्लॅप नसता तर तो पत्रा रोज पावसाने धुतला गेला असता, हे मला फार लागले.

आता मी फ्लॅपची कडा जिथे टेकते तिथे आधी रंगरक्षक फिल्मची पट्टी लावतो, आणि गाडी धुताना पाण्याचा फवारा फ्लॅपच्या वरच्या फटीतून आत मारतो. क्रॉसओव्हरच्या कमानींना काळ्या, न रंगवलेल्या प्लॅस्टिकची किनार असते तिथे हा त्रास कमी होतो. पण ती किनार नुसत्या क्लिपांवर बसलेली असते. फक्त तिच्यावर फ्लॅपचा भार देऊ नये. नुसत्या दुहेरी चिकटपट्टीवर तर अजिबात विसंबू नये.

धुलाई

वरचे सगळे वाचून मी माझा पहिला प्रतिसाद अर्धा मागे घेतो. माझे फ्लॅप मी डिकीसाठी घेतले होते आणि ते त्या कामाचे नव्हते, ही चूक माझी. मात्र मोजपट्टी यांच्याप्रमाणे बंपरचे कोपरे आज नीट पाहिले, तर आधीच्या गाडीसारखे टवके खरोखरच नाहीत. कॅमेऱ्याची तक्रार कायम आहे. त्यावर मी ओल्या कपड्याशिवाय दुसरा उपाय मानत नाही.

सायकलवाला

मागे सायकलींचा कॅरिअर लावणाऱ्या कुटुंबांनी फ्लॅपचा विचार अवश्य करावा. आमच्या मुलांच्या सायकली एका पावसाळी प्रवासानंतर उतरवल्या तेव्हा साखळ्यांत वाळूचा भुगा होता. फ्लॅप लावल्यावर तो पूर्ण थांबला नाही, कारण त्रिज्या म्हणतात तो भोवरा आहेच. पण खडे येणे थांबले.

गप्प_वाचक

हे फ्लॅप इतके उपयोगी असतील तर कंपन्या ते सगळ्यांनाच का देत नाहीत, हा माझा जुना प्रश्न आहे.

त्रिज्या

एक कारण नियमांच्या मापांत आहे. युरोपीय समुदायाच्या १९७८ सालच्या चाकझाकणांविषयीच्या निर्देशात असे म्हटले होते की चाकाच्या मध्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात झाकणाने टायरची पूर्ण रुंदी झाकली पाहिजे. हे अंश वरून मोजायचे आहेत. म्हणजे मागच्या बाजूला खालचा बराच मोठा भाग उघडा राहिला तरी तेवढी अट पूर्ण होते, आणि ती कमानीच्या घडणीतच भागते. त्यापुढचे काम ग्राहकाच्या मर्जीवर आणि अॅक्सेसरीच्या यादीवर सोपवलेले असते. शिवाय खाली लोंबणारी प्रत्येक वस्तू हवेला थोडा विरोध करते. म्हणून फ्लॅप टायरच्या रुंदीएवढाच असावा; बाहेर कानासारखा निघालेला भाग चिखल अडवत नाही, नुसता वारा खातो. याला अपवाद म्हणजे ज्यांनी मूळ मापापेक्षा रुंद टायर घातले आहेत ते. त्यांचे टायर जुन्या फ्लॅपच्या बाहेरून चिखल उडवतात.

दुसरा_गिअर

तीन आठवड्यांनी परत आलो आहे. साच्यातले टीपीईचे फ्लॅप घेतले, मूळ भोकांवरच बसवले. तिसऱ्या बिंदूसाठी भोक पाडले नाही. त्याऐवजी बंपरच्या कडेला आवळणारी पत्र्याची लहान पकड मिळाली, तिच्याखाली फिल्मचा तुकडा ठेवला. पहिल्या बाजूला दीड तास लागला, दुसरीला पंचवीस मिनिटे. दीड तासातला अर्धा तास मी डावा फ्लॅप उजवीकडे बसवण्याच्या प्रयत्नात घालवला, कारण पाकिटावरच्या खुणा मी गाडीकडे तोंड करून, पुढून वाचल्या. डावे-उजवे आसनावर बसलेल्या माणसाचे धरायचे असते, हे मला माझ्या मुलीने सांगितले. खालची कडा जमिनीपासून १९ सेंटिमीटरवर आहे, चौघे बसल्यावर १६.

डिकी पूर्वीसारखीच मळते, हे धुलाई यांच्या समाधानासाठी नोंदवतो. बंपरच्या कोपऱ्यांवरचे पट्टे गेले. भाऊ काल पुन्हा पावसात मागून आला. म्हणाला, काच अजून मळते, पण आता वायपरने निघते, आधी खरवडावी लागत होती. एक शंका उरली आहे. घरचे सगळे आणि सामान घेऊन गतिरोधकावरून गेलो की उजव्या मागच्या चाकाकडून घासल्यासारखा बारीक आवाज येतो. रिकाम्या गाडीत येत नाही.

पाना_नंबर_दहा

खाली वाकून फ्लॅपची टायरकडची बाजू पाहा. आतल्या, म्हणजे गाडीच्या मध्याकडच्या खालच्या कोपऱ्यावर कुठे चकाकी आलेली आहे का? टायर लागत असेल तर तिथे टीपीई गुळगुळीत होतो. तसे असेल तर आधी स्क्रू सैल करून फ्लॅप भोकांच्या सैलीइतका मागे ओढा आणि पुन्हा आवळा. तरीही लागत राहिला तर तो कोपरा खडूने आखून धारदार ब्लेडने गोलाकार कापून टाका. सरळ कापू नका, कोपऱ्यातून चीर जाते.

दुसरा_गिअर

टॉर्च घेऊन पाहिले. आतल्या कोपऱ्यावर आठ आण्याच्या नाण्याएवढी चकाकी आहे, फक्त उजवीकडे. स्क्रू सैल केल्यावर फ्लॅप तीन-चार मिलिमीटर मागे आला. उद्या सगळ्यांना बसवून पुन्हा त्याच गतिरोधकावरून जातो. ब्लेड डिकीत ठेवले आहे.